उत्तानपादाचे मौन

सावत्र आई ह्या दोन शब्दांना आपल्या भाषेत जेवढी बदनामी सोसावी लागली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणा नातेवाइकाच्या वाट्याला आली असेल. वर्तमानपत्राचा अग्रलेख लिहिणारा गृहस्थदेखील एखाद्या जिल्ह्याला पाण्याचा नाही तर रस्त्याचा वाटा कमी मिळाला की 'सापत्न वागणूक' असे म्हणून मोकळा होतो. शब्दाचे मूळ पाहिले तर आणखीच गंमत आढळते. 'सावत्र' हा शब्द 'सापत्न' ह्यावरून आला आणि 'सापत्न'च्या मुळाशी आहे 'सपत्नी', म्हणजे सवत. संस्कृतात 'सपत्न' म्हणजे तर सरळ शत्रूच. पहिली बायको देवाघरी गेलेली, तिच्या तसबिरीला हार घातलेला, तरी भाषेने नव्या बायकोला तिची सवत करून ठेवली आणि ते वैर मुलांच्या माथी मारले. ज्या एका पुरुषामुळे ह्या दोघी सवती झाल्या, त्याचा त्या शब्दात मागमूसही नाही. घरधनी त्यातून अलगद निसटला आहे.

आपल्या गोष्टींतून आणि कादंबऱ्यांतूनही तो असाच निसटत आला आहे. ह्या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. बापाने किंवा आईने दुसरे लग्न केले, घरात नवी माणसे आली, आणि तेरा ते सतरा वर्षांचे एखादे पोर त्या घरात आहे. अशा पोराचे आपल्या साहित्यिकांनी काय केले, हे मला पाहायचे आहे. मी काही पंडित नव्हे. शालान्त परीक्षेपलीकडे माझे शिक्षण गेले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आणि इतकी वर्षे ह्याच वयाची मुले शिकवली, एवढ्या भांडवलावर हे धाडस करते आहे.

प्रारंभ ध्रुवापासून करणे प्राप्त आहे. ती गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर सापडायचे नाही. उत्तानपाद राजाला दोन राण्या, सुनीती आणि सुरुची. सुरुचीचा मुलगा उत्तम बापाच्या मांडीवर बसलेला. ध्रुवही बसू पाहतो, तेव्हा सुरुची त्याला म्हणते की ही जागा हवी असेल तर माझ्या पोटी जन्म घ्यायला हवा होतास. पाच वर्षांचे पोर रडत आईकडे जाते आणि तिथून वनात. मागे वर्गात ही गोष्ट सांगत असताना आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "पण बाई, राजा काय करत होता?" प्रश्न साधा होता, पण इतक्या कीर्तनांत मी तो कधी ऐकला नव्हता. भागवतकारांनी मात्र त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. राजा पाहत होता आणि गप्प होता. तोंडातून शब्द न काढणाऱ्या बापाला मागे टाकून ध्रुव निघाला, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. कीर्तनकार सुरुचीला बोल लावतात, सुनीतीसाठी डोळे पुसतात; उत्तानपादाबद्दल कोणी काही बोलत नाही. तो बोलला नाही, म्हणून आपणही त्याच्याविषयी बोलत नाही.

ध्रुव पाच वर्षांचा होता हे त्याचे एका परीने भाग्यच म्हणायचे. त्या वयाचे मूल अन्याय जाणते, पण अन्यायाचा हिशेब मांडू शकत नाही. कहाण्यांतली, परीकथांतली सावत्र मुलेही बहुधा अशीच लहान आणि निष्पाप असतात. वाचकालाही ते सोयीचे जाते. एकीकडे दुष्ट बाई, दुसरीकडे गरीब बिचारे पोर. कोणाची बाजू घ्यायची ह्यात संशय उरत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा त्या जागी उभा केला की ही सोय संपते. तो बिचारा नसतो. तो दार आपटतो, ताटावरून उठतो, नव्या आईला कोणत्याच नावाने हाक मारीत नाही. "जरा ऐका" एवढ्यावर वर्षच्या वर्ष काढतो. त्याला बापाचे गप्प बसणे दिसते आणि त्याचा अर्थही कळतो. म्हणूनच तो लेखकांना अवघड जातो, आणि म्हणूनच ज्या थोड्या लेखकांनी त्याला हात घातला त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहायला हवे.

आपल्या जुन्या कादंबऱ्यांत सावत्र आई पावलोपावली भेटते, सावत्र बाप मात्र शोधूनही सापडत नाही. ह्याचे कारण साहित्यात नाही, कायद्यात आणि चालीरीतींत आहे. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. त्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली खरी; पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला आणि तिच्या मुलांचे पालकत्व आपल्याकडे मागण्याची मुभा नवऱ्याच्या नातलगांना दिली. नवा संसार थाटायचा तर पोरे मागे ठेवण्याची तयारी हवी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. हा कायदा पुढे १९८३ साली रद्द झाला. पुष्कळ समाजांत पाट लावण्याची चाल होतीच आणि तिथे आईबरोबर नव्या घरी आलेली मुलेही असत. पण त्या घरांतले लोक त्या काळी कादंबऱ्या लिहीत नव्हते, आणि जे लिहीत होते त्यांच्या घरांत बिजवराचे लग्न महिन्याभरात उरकत असे, तर विधवेचे लग्न म्हणजे भूकंप. म्हणून आपल्या साहित्यात एकच चित्र वारंवार आले: बायको वारलेला पुरुष, त्याची मुले आणि घरात आलेली कोवळी नवी नवरी.

ती नवरी किती कोवळी असायची, हे आज विसरून चालणार नाही. मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९ सालचा. त्यापूर्वी चाळिशीच्या बिजवराला दहा-बारा वर्षांची मुलगी मिळणे ही नित्याची गोष्ट होती. त्याचा थोरला मुलगा किंवा मुलगी त्याच वयाची असायची. म्हणजे ज्या घराला आपण 'सावत्र आईचे घर' म्हणतो, त्यात पुष्कळदा दोन अर्धवट वयाची पोरेच समोरासमोर उभी असत. एकीला आई म्हणवून घ्यायचे होते आणि दुसऱ्याला आई म्हणायचे होते. दोघांपैकी कोणालाही कोणी विचारले नव्हते. लग्न ठरवणारा तिसराच होता, आणि तो बाहेर ओसरीवर बसलेला असे.

मराठीत ह्या घरात पहिल्यांदा आत शिरून पाहिले ते हरिभाऊ आपट्यांनी. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागली. यमूची आई जाते, वडील दुसरे लग्न करतात, आणि माहेर हा शब्द मुलगी ज्या अर्थाने उच्चारते तो अर्थ तिथेच संपतो. ह्या कादंबरीची कीर्ती विधवेच्या दुःखाची कहाणी म्हणून आहे आणि ती यथार्थच आहे. परंतु एका गोष्टीचे श्रेय हरिभाऊंना पुरेसे दिले जात नाही. त्यांनी लेखणी यमूच्याच हाती दिली. सावत्रपणाची हकीगत कीर्तनकार सांगत नाही, आजी सांगत नाही. ज्या मुलीवर ती गुदरली ती स्वतः सांगते आहे. ध्रुवाने आपली गोष्ट स्वतः सांगितली असती तर ती कशी झाली असती, ह्याची थोडी कल्पना यमूवरून येते. तिच्या सांगण्यात आक्रोशापेक्षा निरीक्षण अधिक आहे, आणि ह्या वयाच्या मुलांचे दुःख असेच असते. ती फार रडत नाहीत, पाहत राहतात.

मात्र हा विषय ज्याने मुळापासून उकलला तो लेखक मराठीतला नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रेमचंदांची 'निर्मला' १९२५-२६ मध्ये 'चाँद' मासिकात आली आणि १९२७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. निर्मला ही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. बाप अकस्मात मारला जातो, ठरलेले लग्न हुंड्यापायी मोडते आणि तिला तोताराम नावाच्या बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधतात. तोतारामाला तीन मुलगे. त्यांतला थोरला मंसाराम सोळा वर्षांचा, म्हणजे आई आणि मुलगा एकाच वयाची. निर्मला त्याच्याकडून इंग्रजी शिकू लागते. त्या उदास घरात दोन पोरांना एकमेकांची सोबत वाटू लागते, एवढीच काय ती गोष्ट. पण बापाच्या मनात संशयाचा किडा शिरतो. तो कोणाला काही विचारीत नाही, काही सांगत नाही. मुलाच्या अभ्यासाचे निमित्त पुढे करून त्याला वसतिगृहात धाडतो. निर्मलेच्या ध्यानात सारे येते. पण आपण मंसारामाची बाजू घेतली तर संशय वाढेल ह्या भयाने ती नवऱ्यासमोर त्याच्याशी मुद्दाम कठोर वागते. मुलाला तो कठोरपणा खरा वाटतो. पुढे संशयाचे कारण उमगते तेव्हा तो अंथरूण धरतो आणि इस्पितळात निर्मलेच्या पायांवर डोके ठेवून, तिला आई मानूनच, जगाचा निरोप घेतो. बापाचे डोळे उघडतात, पण तोवर उशीर झालेला असतो.

ह्या कादंबरीत सावत्र आई दुष्ट नाही, मुलगा उद्धट नाही आणि बापही मुळात वाईट माणूस नाही. तिघे एका छपराखाली राहतात आणि तिघांच्याही मनात जे आहे ते जिभेवर येत नाही. घर बुडते ते ह्यापायी. सारा अनर्थ एका वाक्याने टळला असता असे वाचताना सारखे वाटत राहते, आणि ते वाक्य बोलण्याचा अधिकार एकट्या तोतारामाला होता. निर्मला बोलती तर निर्लज्ज ठरती, मंसाराम बोलता तर पापी ठरता. ज्याला बोलता येत होते तोच उत्तानपाद होऊन बसला.

प्रेमचंदांना हे इतके आतून कसे दिसले, ह्याचे एक कारण त्यांच्या चरित्रात आहे. त्यांची आई ते लहान असतानाच वारली आणि वडिलांनी दुसरे लग्न केले. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांचे लग्न लावून दिले आणि त्यानंतर थोड्याच काळात ते स्वतः वारले. सावत्र आई आणि सावत्र भाऊ ह्यांचा भार ह्या मिसरूड फुटू लागलेल्या मुलावर येऊन पडला. सावत्र घरातला अर्धवट वयाचा मुलगा म्हणजे काय, हे त्यांना ऐकून शिकावे लागले नाही. तरीही कादंबरीत त्यांनी सावत्र आईवर सूड उगवला नाही, तिला नायिका केले. लेखकाच्या मोठेपणाची ही खूण मला फार मोलाची वाटते.

दोष दाखवायचा तर उत्तरार्धाचा दाखवावा लागेल. तिथे प्रेमचंद संकटांवर संकटे रचीत जातात. मधला जियाराम सावत्र आईचे दागिने चोरतो आणि शेवटी जीव देतो, धाकटा सियाराम एका साधूच्या नादी लागून निघून जातो, बाप त्याच्या शोधात भटकतो आणि निर्मला झिजून मरते. एका घराला इतके मृत्यू वाचकाच्या मनाला जड होतात. दुःख वाढण्याऐवजी बधिर होते. परंतु ह्याच उत्तरार्धात जियारामाचे जे चित्र आहे त्याची बरोबरी मला दुसरीकडे क्वचितच आढळली. हा मुलगा बापाला उलट उत्तरे देतो, भावाचा जीव तुम्हीच घेतलात असे त्याच्या तोंडावर म्हणतो. घरातल्या मोठ्यांना तो वाया गेलेला वाटतो. नीट पाहिले तर त्या घरात उघडपणे बोलणारा तो एकटाच आहे. वर्गात असे मुलगे मी पुष्कळ पाहिले आहेत. ज्या घरात मोठी माणसे गप्प असतात तिथे पोरांचे बोलणे उर्मट होते. त्या उर्मटपणाला शिक्षा करणे सोपे असते, त्यातला प्रश्न ऐकणे अवघड.

'निर्मला'नंतर दहा वर्षांनी, १९३७ साली, आपल्याकडे 'कुंकू' हा चित्रपट आला. कथा नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरची, दिग्दर्शन व्ही. शांताराम ह्यांचे. शांता आपटे ह्यांची नीरा आणि केशवराव दाते ह्यांचे काकासाहेब ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता येत नाहीत. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. तिची सावत्र मुले तिच्याहून मोठी आहेत. मुलाची तिच्यावर वाईट नजर, आणि नीरा त्याची चांगली खोड मोडते. मुलगी मात्र समंजस, समाजकार्यात गढलेली. ह्या कोवळ्या 'आई'च्या बाजूने ती उभी राहते. हे काम शकुंतला परांजपे ह्यांनी केले. प्रत्यक्षातही त्या संततिनियमनाच्या कार्यात र. धों. कर्व्यांच्या सहकारी होत्या. सावत्र मुलगी सावत्र आईची मैत्रीण होऊ शकते, हे मराठी प्रेक्षकाला त्या चित्रपटाने दाखवले. सवतीच्या वैराचा वारसा मुलांनी नाकारता येतो, हे त्यात आहे.

'कुंकू'तले काकासाहेब अखेर बोलतात. आपली चूक त्यांना उमगते. नीरेने दुसरे लग्न करावे असे लिहून ठेवून ते जीव देतात. चित्रपट म्हणून हा शेवट परिणामकारक आहे ह्यात वाद नाही. माझी तक्रार निराळी आहे. जे बोलायचे ते काकासाहेब चिठ्ठीत लिहितात आणि निघून जातात. ज्यांच्याशी बोलायचे त्यांना उत्तर देण्याची संधीच उरत नाही. चूक करणाऱ्या बापाने घरातच राहावे, मुलांच्या आणि बायकोच्या तोंडाकडे पाहावे आणि रोज थोडे थोडे निस्तरावे, असा शेवट लिहिणे अधिक कठीण. तो आमच्यापैकी कोणी अजून लिहिलेला मला आठवत नाही.

असा शेवट लिहिण्याच्या जवळ जर कोणी आले असेल तर ते शरच्चंद्र. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरद्बाबू महाराष्ट्रात घरचेच झाले आहेत. त्यांची 'मेजदिदी' ही कथा १९१५ ची. चौदा वर्षांच्या केष्टाची आई मरते आणि तो सावत्र बहिणीच्या, कादंबिनीच्या, दारात येऊन उभा राहतो. तिच्या घरी त्याचे स्वागत होते ते तो भात किती खातो ह्या मोजदादीने. चौदा वर्षांच्या मुलाची भूक ही काय चीज आहे, हे घरात असा मुलगा असलेल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. ती भूक इथे गुन्हा ठरते. कादंबिनीची धाकटी जाऊ हेमांगिनी त्याला जवळ करते. ती आजारी असताना तिला पेरू हवा असे कळताच हे पोर दिवसभर उन्हातान्हात हिंडून पेरू घेऊन येते. त्याला दुसऱ्या कोणत्या रीतीने माया दाखवता येत नाही. मुलगा बोलत नाही, पण पेरू आणतो. ह्या वयाच्या मुलांचे प्रेम बहुधा असेच, वस्तू आणून देण्यातून, कामाला धावण्यातून व्यक्त होते. आपण शब्दांची वाट पाहत बसतो आणि पेरू तसाच कोनाड्यात पडून राहतो.

हेमांगिनीचा नवरा बिपिन हा भला गृहस्थ. त्याला केष्टाची दया येते, पण भावाभावांत वितुष्ट नको म्हणून तो गप्प. अखेर हेमांगिनीच मुलाला घेऊन घर सोडून निघते, तेव्हा कुठे बिपिनचे मौन सुटते आणि तो दोघांना परत आणायला येतो. शरच्चंद्रांवर भावविवशतेचा आरोप नेहमी होतो आणि तो अगदीच खोटा नाही. पण एवढे खरे की ह्या कथेत गप्प बसलेला पुरुष जिवंतपणी, वेळेवर, रस्त्यात उभा राहून बोलतो. 'निर्मला' आणि 'कुंकू' ह्यांच्या शेजारी ठेवल्यावर ह्या लहानशा कथेचे वजन कळते.

मौनाच्या उलट टोकालाही एक संकट आहे. आगरकरांनी 'विकारविलसित' ह्या नावाने ज्याचे मराठी रूप केले ते शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' नाटक आठवा. बाप मरून दोन महिने होतात न होतात तोच आईने चुलत्याशी लग्न लावलेले. तिथे कोणी गप्प नाही. चुलता भर दरबारात सांगतो की शोक पुरे झाला, आता मला बाप मान. हॅम्लेट काही पंधरा वर्षांचा नाही. पण विद्यापीठातून घरी आलेल्या त्या तरुणाचे काळे कपडे आणि तुटक उत्तरे मला माझ्या वर्गातल्या मुलांची आठवण करून देतात. पुढचे खून आणि भूत बाजूला ठेवले तरी पहिल्याच अंकात घर मोडलेले आहे, आणि ते घाईमुळे. मेलेल्या माणसासाठी रडायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस त्याला कोणी दिले नाहीत. न बोलणे आणि घाईने हुकूम सोडणे ही मला एकाच चुकीची दोन रूपे वाटतात. दोहोंतही मुलाला विचारलेले नसते.

कथांतून वस्तुस्थितीकडे यायचे तर कर्व्यांचे घर डोळ्यांसमोर येते. धोंडो केशव कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई ह्या विधवेशी पुनर्विवाह केला. त्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, मुरूडला त्यांच्यावर कसा बहिष्कार पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. कर्व्यांनी 'आत्मवृत्त' लिहिले, त्यांच्या पत्नीने 'माझे पुराण' लिहिले. दोन्ही ग्रंथ मराठीचे भूषण आहेत. पण त्या घरात आणखी एक जण होता. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ १८८२ चा. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा, नवी आई आली तेव्हा अकरांचा. तेराव्या, चौदाव्या, पंधराव्या वर्षी त्याच्या मनात काय चालले असेल? पुढे ह्याच मुलाने १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि मरेपर्यंत एकट्याने चालवले. त्याच्या करारीपणाचा ह्याच्याशी संबंध होता, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणते की त्या विवाहाचा विचार करताना आपण सुधारकाकडे पाहिले, विधवेकडे पाहिले, समाजाकडे पाहिले. अकरा वर्षांच्या मुलाकडे पाहायचे आपल्याला सुचले नाही. कादंबरीकाराने तरी ते पाहायला हवे होते.

त्या घरातली एक गोष्ट मला मात्र फार आवडते. लग्नानंतरचे त्यांचे नाव आनंदीबाई, पण घरीदारी त्या 'बाया' ह्याच नावाने ओळखल्या गेल्या. 'आई' म्हण असा हट्ट नवे माणूस धरते तेव्हा मुलाला वाटते की ह्या एका शब्दाने आपण गेलेल्या आईला घराबाहेर काढतो आहोत. त्याचा नकार हा बहुधा द्वेष नसतो, ती इमानदारी असते. 'बाया'सारखे एखादे नाव दोघांनाही उभे राहायला जागा देते.

हे सारे जुने झाले, आता काय त्याचे, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती उलट आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याने एकीकडे दुसरी बायको करण्याची वाट बंद केली आणि दुसरीकडे घटस्फोटाची वाट उघडली. आज दोन्ही बाजूंनी मुले घेऊन संसार थाटणारी जोडपी लहान गावांतही दिसतात. सावत्र बाप, जो जुन्या कादंबरीत नव्हता, तो आज शाळेच्या पालकसभेला येतो. सवत हयात असते, पण दुसऱ्या शहरात, आणि मुले सुट्टीत तिच्याकडे जातात. घरे बदलली, शब्द मात्र तेच राहिले, आणि दूरचित्रवाणीवरच्या मालिकांना अजून सुरुचीच हवी असते.

ऐन दिवाळीत तर अशा घरांची परीक्षाच असते. माझ्या ओळखीच्या एका घरी त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि तिची बारा वर्षांची मुलगी नव्याने एकत्र आली. पहिल्याच भाऊबीजेला वडिलांनी पाहुण्यांसमोर फर्मावले, "चल, बस पाटावर, ओवाळू दे तिला." मुलगा उठला आणि चपला घालून बाहेर पडला. ताम्हण हातात घेतलेली मुलगी तशीच उभी राहिली. वडील हसून म्हणाले, "लाजतो." दुसऱ्या वर्षी वडिलांनी आधीच मुलाला बरोबर घेऊन एक लांब फेरी मारली आणि त्याला विचारले. तो नको म्हणाला. भाऊबीजेला तो पाटावर बसला नाही, पण घरीच राहिला, सगळ्यांबरोबर जेवला. पाहुण्यांपैकी कोणी विचारले तेव्हा वडील म्हणाले, "नको असेल तर बसू नकोस, असे मीच सांगितले आहे त्याला." ती मुलगी त्या दिवशी ताम्हण घेऊन उभी राहिली नाही, कोणाचा अपमान झाला नाही. नाटकात शोभेल असे ह्यात काही नाही. तरी तोतारामाला आणि काकासाहेबांना जे साधले नाही ते ह्या गृहस्थाला साधले, असे मी समजते.

आता पुन्हा त्या ध्रुवाकडे येऊ. भागवतातली गोष्ट मांडीपाशी संपत नाही. ध्रुव परत येतो तेव्हा तो सुनीतीप्रमाणेच सुरुचीच्याही पाया पडतो. ती त्याला उठवून पोटाशी धरते आणि डोळ्यांत पाणी आणून आशीर्वाद देते. पुढे उत्तम शिकारीला गेला असता एका यक्षाच्या हातून मारला जातो, तेव्हा ह्या सावत्र भावासाठी ध्रुव यक्षांशी युद्ध मांडतो. हा भाग कीर्तनात फार कमी सांगितला जातो. तो सांगितला तर सुरुची निव्वळ दुष्ट राहत नाही आणि आपली सोय बिघडते.

आम्हा लिहिणाऱ्यांनी ही सोय सोडून द्यावी, एवढे मागणे मागून हा लेख संपवते. सावत्र आईला खलनायिका करून झाले, देवीही करून झाले. आता त्या घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला बोलू द्या, आणि उत्तर देण्यासाठी बापाला ओसरीवरून उठवून माजघरात आणा. वाचकांनाही सुचवावेसे वाटते, ह्या सुट्टीत 'निर्मला' आणि 'मेजदिदी' घरात मोठ्याने वाचा. घरची मोठी मुले जवळपास असू द्या. ती काही बोलणार नाहीत कदाचित. ऐकतील मात्र नक्की.